दुपारची नोकरी

"काकू, तुमच्या वळखीत कोण बाई हाय का वो? दुपारच्याला पोरं सांभाळायला?"

वैशाली दारातच उभी होती. अंगात एसटीचा खाकी गणवेश, चेहऱ्यावर चिपळूण घाटाची सगळी धूळ. कराड डेपोत ती कंडक्टर होती आणि आमच्या मागच्या बोळात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायची. नवरा निमलष्करी दलात, वर्षातून एकदा उगवायचा. मी मशीन चालवत होते तेव्हा तिचे ब्लाऊज मीच शिवायची, तेवढीच आमची ओळख.

"आहे की," मी म्हटलं.

"कोण वो?"

"मी."

ती हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती चपला काढून आत येऊन बसली.

"काकू, चेष्टा करू नका. मी लई कावलीय. पयली बाई ठेवली ती टीव्ही लावून झोपायची. दुसरीला माझं आडनाव उशिरा कळलं, कळल्यावर दुसऱ्या दिवसापासनं तिचं गुडघं दुखायला लागलं. आन् तिसरी परवा न सांगता गावच्या लग्नाला गेली. पोरं शाळेच्या फाटकाबाहेर हुबी. मी संध्याकाळी गाडीवरनं उतरून धावत गेले तवा दोघं तिथंच, भिंतीला टेकून. मित्रा दुसरीत, सुजात बालवाडीत. केवढा जीव तो!" तिनं रुमालानं डोळे नाही पुसले, नाक पुसलं. "सायेब म्हणतात, जमत नसंल तर नोकरी सोडा. नवरा बी फोनवर तेच म्हणतोय. मी का सोडू वो? परीक्षा देऊन मिळवलीय."

"सोडू नकोस," मी म्हटलं. "मी येते. पण फुकट येणार नाही, पगार घेणार."

"तुम्हाला काय कमी हाय काकू? एवढं मोठं दुकान..."

"दुकान सुहासचं आहे. आणि फुकट आले तर तो उपकार होईल. उपकार करणारी बाई एखाद्या दिवशी आली नाही तरी तुला तोंड उघडून बोलता येणार नाही. पगार घेतला की मला यावंच लागेल."

वैशालीनं मान हलवली. तरी तिच्या मनात काहीतरी अडलं होतं. ते तिनं पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारलं. "काकू, माझ्याच घरात बसाया लागंल. तुम्ही आमच्या घरातलं पानी घ्याल का? पोरं हुशार हायती, त्यांच्या ध्यानात येतंय."

"पाणी घेईन. चहाचं मात्र तू कसा करतेस त्यावर आहे."

आता ती खरी हसली. माझी मुलाखत तिथं संपली आणि एकसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मला नोकरी लागली.

आता खरं सांगायचं तर मला ती नोकरी तिच्यापेक्षा जास्त हवी होती. माझे यजमान गेले तेव्हा सुहास चौथीत होता. मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, साड्यांना फॉल लावले, शाळांचे गणवेश शिवले आणि त्याला वाढवला. त्यानं पुढं बाजारपेठेत तयार कपड्यांचं दुकान काढलं, तीन मजली घर बांधलं आणि एके दिवशी माझं मशीन उचलून गच्चीवरच्या खोलीत ठेवून दिलं. "आई, आता तू फक्त आराम करायचा." आराम ही काय चीज आहे ते ज्यानं केलाय त्यालाच विचारावं. सकाळी उठून आंघोळ करायची, दुपारी झोप येत नसताना आडवं व्हायचं आणि सून कामाला हात लावू देत नाही म्हणून तिच्यावर मनातल्या मनात चिडायचं. नंदिनी, माझी सून, बिचारी गरीब गाय. तिलाही नवऱ्याचाच हुकूम होता.

संध्याकाळी जेवताना मी नोकरीचं सांगितलं. सुहासचा घास हातातच राहिला.

"तू दुसऱ्याच्या घरी कामाला जाणार? आई, अगं मी व्यापारी संघाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. लोक काय म्हणतील? खटावकरांनी म्हातारपणी आईला कामाला लावलं!"

"मग सांग लोकांना. खटावकरांनी नाही लावलं, आईनं खटावकरांना न विचारता धरलं."

"वेळ जात नसेल तर भजनी मंडळात जा."

"माझा आवाज ऐकलायस ना? मंडळ मोडेल ते."

नंदिनी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. तिचे खांदे हलत होते. सुहासनं आवाज खाली आणला. "ते राहू दे. पण निदान घर तरी बघायचं, आई."

"बघितलं. दोन खोल्या आहेत, ओटा स्वच्छ आहे. पंखा तेवढा आवाज करतो."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस? मोठ्यानं म्हण."

त्याला मोठ्यानं म्हणता आलं नाही. माझा मुलगा शिकलेला आहे, सभांमधून भाषणं करतो, त्याला असलं काही मोठ्यानं म्हणता येत नाही. त्यानं ताटात हात धुतला आणि उठला. सोमवारी दुपारी मी कामावर रुजू झाले.

सुजात गोल गरगरीत, हातात येईल ते तोंडात घालणारा. जेवण मात्र नको. पहिल्याच दिवशी तो माझ्या मांडीवर झोपला आणि लाळेनं माझी साडी ओली केली, म्हणजे त्याचं माझं जमलं. मित्राचं तसं नव्हतं. ती घरी आली तरी दप्तर पाठीवरून उतरवायची नाही. जेवायला बसली तरी पाठीवर दप्तर.

"अगं, खाली ठेव ते. पाठ मोडेल."

"तुम्ही कधी जाणार?" तिनं विचारलं.

"तुझी आई आली की."

"तसं नाही. कायमच्या कधी जाणार?"

 एवढ्याशा पोरीनं घरमालकिणीसारखं तोंडावर विचारावं! मी तिच्यासमोर फतकल मारून बसले. "हे बघ मित्रा, मी कायमची राहीन असं नाही सांगत. म्हातारी आहे, मरेन कधीतरी. पण शाळा सुटली की फाटकात मी दिसणार. दिसले नाही तर समज, मेले."

लहान मुलीला असं बोलतात का, असं पुढं वैशालीनंच मला विचारलं. पण मित्राला ते आवडलं. तिनं विचार केला, मान हलवली आणि दुसऱ्या भाकरीला दप्तर खाली ठेवलं. तेव्हापासून रोज शाळा सुटायच्या आधी मी फाटकात. ती वर्गाच्या दारातून आधी माझ्याकडे बघायची, मगच चपला घालायची.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. घरात सुहास माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मग एकाएकी तो गोड झाला. रोज काहीतरी विचारायला लागला. आई, तुला कुठल्या रंगाचं इरकल आवडतं? आई, सातारच्या आक्कांचा पत्ता काय? शेवटी नंदिनीनं फोडलं. माझी एकसष्ठी घाटत होती. मंगल कार्यालय, जेवणावळ, सत्कार, एकसष्ट दिव्यांचं औक्षण, सगळं यथासांग.

मी नको म्हटलं नाही. का म्हणू? आयुष्यात मला खुर्चीत बसवून कुणी हार घातला नव्हता. लग्नात घातला, तेव्हा मान वर करून बघायची परवानगी नव्हती. फक्त तारीख ऐकली आणि मी चमकले. गुरुजींनी जन्माची तिथी धरली होती आणि ती आली होती गुरुवारी.

"गुरुवारी शाळा असते."

"तुझी?" सुहास हसला.

"हो, माझीच. रविवारी कर."

"एकसष्ठी तिथीनंच करायची असते, आई. आणि कार्यक्रम दहाला सुरू होतोय. बाराच्या आत औक्षण. मग जा तू."

"साडेबाराला शाळा सुटते, बाराला मी उठणार. हार गळ्यात असला तरी उठणार."

"बरं बाई, ऊठ."

गुरुवारी दहाला कार्यालय भरलं, पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते कुठल्याशा पतसंस्थेचे अध्यक्ष होते आणि व्यापारी संघातली बरीच मतं त्यांच्या खिशात होती, म्हणून त्यांच्याशिवाय सुरुवात करणं सुहासला शक्य नव्हतं. गुलाबपाणी शिंपडून झालं, पेढे वाटून झाले, सनईची कॅसेट दोनदा उलटून झाली. पाहुणे आले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मग भाषणं. पाहुणे मातृशक्तीवर बोलले. माझं नाव त्यांनी मालनबाई घेतलं. मी शालन. असू दे.

मग सुहास उभा राहिला. खोटं कशाला बोलू, माझा पोरगा फार सुंदर बोलला. "माझ्या आईनं लोकांचे ब्लाऊज शिवले. रात्रंदिवस मशीन चालवलं. लोकांच्या दारात जाऊन कपडे पोचवले. तिला कधी त्याची लाज वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. त्या मशीनला मी आज वंदन करतो." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझेही डोळे भरले. मी ते पुसले आणि समोरच्या घड्याळात बघितलं. बारा होऊन गेले होते.

मी उठले. सुहासनं माईक बाजूला धरून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस आई. पोरांची सोय केलीय मी."

"कोण जाणार आहे?"

"केलीय म्हटलं ना. बस."

मी बसले. माझा मुलगा खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. तो अर्धं बोलतो, हे कळायला अजून थोडा वेळ होता.

औक्षणाची तयारी झाली. वाऱ्यानं दिवे जाऊ नयेत म्हणून पंखे बंद केले. सातारच्या आक्का, माझ्या थोरल्या नणंद, ओवाळायला पहिल्या. त्यांचा मान. मोठ्या तबकात कणकेचे दिवे ओळीनं मांडले होते आणि नंदिनी माझ्याशेजारी बसून एकेक वात पेटवत होती.  अर्धे दिवे लागले आणि तिनं काडी विझवली.

"आई," ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "ह्यांनी डेपोत फोन केला होता. म्हणाले, खटावकरकाकू आजपासून कामाला येणार नाहीत, दुसरी बाई बघा, असा निरोप द्या."

"कधी?"

"आज सकाळी. वैशाली तेव्हा गाडी घेऊन गेली होती. तिकडचा माणूस म्हणाला, संध्याकाळी परत आली की सांगतो."

"मग पोरांना आणायला कोण गेलंय?"

नंदिनीनं मान खाली घातली. "कुणीच नाही."

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, शाळा सुटली होती. मी उठले ती अशी की मांडीवरचा नारळ गडगडत पाहुण्यांच्या पायापर्यंत गेला. सुहास धावत आला.

"आई, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"उत्तम वाटतंय. कामाला चाललेय."

माईक चालूच होता. ते वाक्य सगळ्या कार्यालयानं ऐकलं. मी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत सुटले. बायकांनी पाय आखडून वाट दिली. मागून सुहास म्हणत होता, "आई, दोन मिनिटं! फक्त दोन मिनिटं!" पण आईच्या मागं धावत जाणं अध्यक्षपदाच्या उमेदवाराला शोभलं नसतं, म्हणून तो तिथंच राहिला.

रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं. हिरवं इरकल, अंगावर शाल, गळ्यात गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार. "आजी, कुठल्या देवळात?"

"शाळेत. आणि पळव."

फाटक बंद झालं होतं. रस्ता रिकामा. दोघं भिंतीला टेकून उभी होती. सुजात रडून रडून दमला होता, नुसते हुंदके देत होता. मित्रा रडत नव्हती. तिनं त्याचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. मी रिक्षातून उतरले तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मला वाटलं तुम्ही मेला," ती म्हणाली.

"नाही मेले. उशीर झाला."

"हार घातला आहे म्हणून पण वाटलं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही आला. ही पोरगी भिंतीला टेकून माझं मरण ठरवत बसली होती, आणि तिकडं माझ्या आयुष्यावर भाषण चाललं होतं. मी सुजातला कडेवर घेतलं, त्याचं नाक शालीनं पुसलं. भारी शाल होती.

मी त्यांना घरी न्यायला हवं होतं, वेळेवर जेवायला घालायला हवं होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "आता कुठं?" मी म्हटलं, "जिथनं आणलंस तिथं."

कार्यालयात कुणी जेवायला बसलं नव्हतं. सत्कारमूर्तीच पळाल्यावर पानं कशी वाढणार? घोळके करून कुजबुज चालली होती. मी दारात दिसले तशी ती थांबली. सुजात कडेवर, मित्राचा हात हातात. त्याच मधल्या वाटेनं मी परत वर गेले, खुर्चीत बसले, सुजातला मांडीवर घेतलं आणि मित्राला शेजारी पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे उभेच होते.

आक्का पुढं आल्या. "अगं बाई, गोड आहेत पोरं. कुणाची गं?"

सुहास चटकन म्हणाला, "शेजारची आहेत. आईला लळा आहे त्यांचा."

"लळा आहेच," मी म्हटलं. "पण मी ह्यांना पगार घेऊन सांभाळते. वैशाली कांबळेची पोरं आहेत. मागच्या बोळात राहते, एसटीत कंडक्टर आहे."

आडनाव ऐकून आक्कांनी शेणात पाय पडल्यासारखा चेहरा केला. त्यांच्या हातात तबक होतं. त्यांनी ते सावकाश टेबलावर ठेवलं आणि कमरेला हात लावून म्हणाल्या, "माझी कंबर धरलीय बाई, मघापासून." वैशालीच्या दुसऱ्या बाईचे गुडघे मला आठवले. लोकांची हाडं अशा वेळी बरोबर दुखतात.

"आई," सुहास दात आवळून म्हणाला, "घरी बोलू आपण."

"का? तू घरी बोललास का? तू तर इथं बोललास, माईकवर." माईक त्याच्या हातातच होता. मी तो घेतला नाही, माझा आवाज मशीनच्या खडखडाटावर मात करायला शिकलेला आहे. "सुहास, मी लोकांचे ब्लाऊज शिवले तेव्हाही पैसे घेऊन लोकांचंच काम करत होते. त्याच गल्लीत, असल्याच बायकांचं. ह्या पोरांच्या आईचेसुद्धा शिवलेत. तू त्या मशीनला आज वंदन केलंस. ते गच्चीवर आहे, गंजलंय, म्हणून केलंस. चालू असतं तर झाकलं असतंस."

 पाहुणे मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते.

"आणि माझा राजीनामा द्यायचा झाला तर मी देईन. माझ्या वतीनं कुणी फोन करायचा नाही."

सुजातनं हारातलं एक झेंडूचं फूल तोडून तोंडात घातलं. मी ते काढलं. मित्रा खुर्चीत ताठ बसून सगळ्या लोकांकडे आळीपाळीनं बघत होती, दप्तर पाठीवर तसंच.

आणि मग नंदिनी उठली. सोळा वर्षांत तिनं नवऱ्याच्या शब्दापुढं शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशीही काढला नाही. तिनं काडेपेटी घेतली आणि मघाचे विझलेले, लावायचे राहिलेले सगळे दिवे पेटवायला लागली. सगळे पेटेपर्यंत कार्यालयात फक्त काडी घासल्याचा आवाज होता. मग तिनं तबक उचललं. त्याचं वजन तिला पेलत नव्हतं, तरी तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

सुहास माझ्या कानाशी वाकला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. मला त्याची दया आली, नाही कशी येईल, पोटचं पोर ते. पण मी जागची हलले नाही.

"आई, लोक बघतायत गं."

"मग?" मी म्हटलं. "बघायलाच बोलावलंयस ना त्यांना?"

नंदिनीनं तबक वर धरलं आणि आम्हा तिघांना ओवाळलं.